गावच्या महिला फुटबॉलवर शोधनिबंध कसा लिहावा

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी ‘भारतातील महिला फुटबॉलचा इतिहास’ असा विषय घेऊन दरवर्षी एखादी तरी विद्यार्थिनी माझ्याकडे येते, आणि दरवर्षी मी तिला तो विषय कापून एका तालुक्याएवढा करायला सांगते. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी इतिहास शिकवताना माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी, की देशभराचा इतिहास लिहायला निघालेली मुलगी शेवटी इतरांनी लिहिलेल्याचा गोषवारा करते, तर तालुक्याचा इतिहास लिहिणारी मुलगी तिच्याआधी कोणी उघडलेलेच नाहीत असे चार तरी कागद शोधून काढते. हा लेख त्या दुसऱ्या मुलीसाठी आहे, आणि अर्थातच तसे काम करू पाहणाऱ्या मुलांसाठीही.

आपल्या भागात मुलींचे फुटबॉल नव्हतेच, असे गृहीत धरून कामाला लागू नये. अनेक ठिकाणी ते होते. फक्त त्याची नोंद फुटबॉल या नावाखाली झाली नाही. ती शाळेच्या साठा नोंदवहीत झाली, महाविद्यालयाच्या वार्षिकांकातल्या छायाचित्राखाली झाली, आणि खेळाडूच्या अशा आडनावाने झाली जे लग्नानंतर तिच्याकडे राहिले नाही. पुढे सांगितलेल्या बहुतेक पायऱ्या ही लपलेली नोंद कशी गाठावी, याच्याच आहेत.

प्रश्न आधी, विषय नंतर

विषयाला तीन कुंपणे घालावीत: जागा, काळ आणि माणसे. उदाहरणार्थ, ‘१९८३ ते २००५ या काळात आपल्या तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांतून फुटबॉल खेळलेल्या मुलींनी खेळ केव्हा आणि कशामुळे सोडला?’ हा प्रश्न एका निबंधात मावतो. त्यातली वर्षे मी सहज निवडलेली नाहीत. १९८३ साली अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि पश्चिम विदर्भातल्या महाविद्यालयांचा कारभार नागपूर विद्यापीठाकडून तिकडे गेला, म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे दप्तरही बदलले. २००५ साली राज्य शासनाने खेळाडूंसाठी नोकरीत पाच टक्के आरक्षणाची तरतूद केली, आणि त्यानंतर क्रीडा प्रमाणपत्र ही जपून ठेवण्याची वस्तू झाली. ज्या वर्षी कागदांची तऱ्हा बदलते, तेच वर्ष कालखंडाची सीमा म्हणून घ्यावे. दशकाचा गोल आकडा दिसायला नीटनेटका असला तरी दप्तराला त्याच्याशी काही देणेघेणे नसते.

‘पहिली कोण?’ हा प्रश्न मात्र टाळावा. माझ्या पहिल्या लेखात मी एका वार्षिकांकातल्या छायाचित्रावरून ‘तालुक्यातील पहिला महिला संघ’ असे ठामपणे लिहून टाकले होते. लेख छापून आल्यावर आठवडी बाजारात एक निवृत्त अंगणवाडी सेविका भेटल्या आणि भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, “मॅडम, त्याच्या अगुदर आमी खेयलो होतो नं.” त्यांच्याकडे छायाचित्र नव्हते, पण सोबत खेळलेल्या सात जणींची नावे तोंडपाठ होती, आणि त्यातल्या चौघींनी मला पुढे तेच सांगितले. तेव्हापासून मी ‘उपलब्ध नोंदींत सर्वांत जुना उल्लेख’ असे लिहिते. हे शब्द जड आहेत, पण खरे आहेत.

मागचा धागा: थोडा, पण नेमका

तालुक्याचा निबंध असला तरी जगात आणि देशात काय चालले होते हे वाचकाला सांगावे लागते. सहा हजार शब्दांच्या निबंधात या भागाला सातशेपेक्षा जास्त शब्द देऊ नयेत. मात्र त्या सातशे शब्दांत ढिलाई चालत नाही, कारण परीक्षक पहिली चूक इथेच पकडतात.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. ‘इंग्लंडमध्ये १९२१ साली महिलांच्या फुटबॉलवर बंदी आली’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रबंधात असते. घडले ते असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत कामाला लागलेल्या स्त्रियांनी संघ उभे केले, आणि प्रेस्टन येथील डिक, कर या कारखान्याचा संघ त्यांत सर्वांत नावाजला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर या संघाचा सामना पाहायला सुमारे ५३ हजार लोक आले होते. त्यानंतर वर्षभराच्या आतच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्याशी संलग्न असलेल्या क्लबांना त्यांची मैदाने महिलांच्या सामन्यांसाठी देण्यास मनाई केली. ही मनाई सुमारे पन्नास वर्षे टिकली. म्हणजे बंदी खेळण्यावर नव्हती, मैदान देण्यावर होती. स्त्रियांनी उघड्या माळावर खेळू नये असे सांगण्याचा अधिकार त्या संस्थेकडे नव्हताच. तिच्या हातात मैदानाची किल्ली होती आणि तिने ती फिरवली. हा फरक नीट लिहिला की आपल्या तालुक्याबद्दलचा एक चांगला प्रश्न आपोआप हाती येतो: आपल्याकडे मैदान कोणाच्या ताब्यात होते? जिल्हा परिषद शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या गायरानाच्या, की खाणीच्या वसाहतीच्या? आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळेत तिथे कोण खेळत असे? प्रेक्षक मिळत नाहीत म्हणून महिलांचा खेळ मागे पडला, हा युक्तिवादही त्या दोन तारखा शेजारी ठेवल्या की टिकत नाही.

इतर देशांत मनाई अधिक थेट होती. ब्राझीलमध्ये १९४१च्या सरकारी हुकुमाने स्त्रियांना फुटबॉलपासून दूर ठेवले आणि ती स्थिती १९७९पर्यंत राहिली. पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल संघटनेने १९५५ ते १९७० या काळात आपल्या क्लबांना महिलांचे संघ ठेवू दिले नाहीत. १९७१ साली मेक्सिकोत महिलांची जागतिक स्पर्धा झाली, अझ्टेका मैदानावरच्या अंतिम सामन्याला सुमारे एक लाख प्रेक्षक होते आणि डेन्मार्कने यजमानांना ३-० असे हरवले, पण फिफाची मान्यता त्या स्पर्धेला नव्हती. फिफाची पहिली महिला विश्वचषक स्पर्धा चीनमध्ये १९९१ साली झाली. तेव्हा ‘पहिला महिला विश्वचषक १९९१’ असे लिहिताना ‘फिफाचा’ हा शब्द गाळू नये.

भारतात अशी मनाई नव्हती. १९७५ साली महिलांच्या फुटबॉलसाठी वेगळा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हा खेळ अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या छताबाहेरच राहिला. त्या काळात भारताच्या मुलींनी आशियाई स्पर्धेत दोनदा उपविजेतेपद मिळवले: एकदा केरळातील कोझिकोडच्या स्पर्धेत, आणि पुन्हा १९८३ साली. शांती मलिक यांना १९८३चा अर्जुन पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला फुटबॉलपटू. कोझिकोडच्या स्पर्धेचे वर्ष काही ठिकाणी १९७९ तर काही ठिकाणी १९८० असे दिलेले आढळते. अशा वेळी एक आकडा निवडून दुसरा झाकू नये. दोन्ही द्यावेत आणि आपण कोणता घेतला, ते एका ओळीत सांगावे.

या पार्श्वभूमीतून आपल्या कामाला उपयोगी पडणारा मुद्दा एकच आहे. मनाई करणाऱ्या संस्थेच्या इतिवृत्तात मनाईचा ठराव सापडतो, त्यावर तारीख असते, सूचक-अनुमोदकांची नावे असतात. जिथे फक्त दुर्लक्ष झाले तिथे दप्तरात काहीच उरत नाही, आणि अभ्यासक त्या रिकाम्या जागेला ‘खेळ नव्हता’ असे समजतो.

कोणते दप्तर कुठे आहे

विदर्भात काम करणाऱ्याने सर्वप्रथम कारभाराच्या सीमा लक्षात घ्याव्यात, नाही तर महिनाभर चुकीच्या कपाटापुढे बसावे लागते. वऱ्हाड १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला. १९५६पर्यंत विदर्भाचा कारभार नागपूरहून चालत होता, मग तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. म्हणून १९५६पूर्वीच्या सरकारी कागदांसाठी मुंबई गाठू नये, नागपूरच्या अभिलेखागारापासून सुरुवात करावी. जिल्हा परिषदा १९६२ साली आल्या. त्याआधी ग्रामीण शाळा जनपद सभा या तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्थांकडे होत्या. जुन्या मुख्याध्यापकांना ‘जनपदची शाळा’ म्हटले की चटकन कळते, आणि त्यांच्या आठवणीही त्या शब्दाने जाग्या होतात.

फुटबॉल आपल्या भागात कोणत्या वाटांनी आला, त्याचा नकाशा स्वतः काढावा. नागपूरजवळची कामठी ही १८२१मध्ये वसलेली छावणी आणि आजही फुटबॉलचे गाव. अचलपूरजवळचे परतवाडा हीसुद्धा मूळची छावणीच. मिशनच्या शाळा, रेल्वेच्या वसाहती, वणी-बल्लारपूर-उमरेडच्या कोळसा खाणी या इतर वाटा. आणखी एक वाट शिक्षकांची आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले, त्याचे पथक १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले, आणि या मंडळात शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षण घेतलेले शिक्षक पुढे विदर्भातल्या गावोगावच्या शाळांत रुजू झाले. माझ्या अनुभवात, एखाद्या आडगावच्या शाळेत मुली अचानक फुटबॉल खेळायला लागलेल्या दिसल्या तर त्याच वर्षी तिथे कोणते पी.टी. सर किंवा बाई बदलून आल्या हे पाहावे. दहांत सहा वेळा उत्तर तिथेच असते. त्यांची बदली झाली की संघही संपतो.

शाळेत गेल्यावर ‘फुटबॉलची माहिती आहे का?’ असे विचारू नये. ‘नाही’ असे उत्तर येते आणि ते प्रामाणिक असते. नोंदवहीचे नाव घेऊन विचारावे: साठा नोंदवही, जडसंग्रह नोंदवही, कीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आवक-जावक नोंदवही, पालक सभेचे इतिवृत्त. एका शाळेच्या साठा नोंदवहीत मला दोन फुटबॉल, एक पंप आणि त्याच ओळीत ‘मुलींकरिता’ असा शेरा सापडला होता. त्या शाळेत मुली फक्त लंगडी आणि खो-खो खेळत, असे मला तीन जणांनी आधी सांगितले होते. जावक नोंदवहीत तालुका स्पर्धेला पाठवलेल्या प्रवेशिकांचा क्रमांक आणि दिनांक मिळतो. कीर्दीत एस.टी.च्या भाड्याची रक्कम असते, आणि भाडे किती जणींचे दिले त्यावरून संघात अकरा होत्या की सातच, हेही कळते. सातच निघाल्या तर निराश होऊ नये. सात-सातचे सामने खेडोपाडी सर्रास होत असत.

महाविद्यालयाच्या जिमखाना अहवालाइतकाच वार्षिकांक मोलाचा आहे. त्याचे मागचे पान आधी उघडावे, कारण क्रीडा विभागाची छायाचित्रे तिथेच असतात. आदिवासी भागात काम असेल तर आश्रमशाळांच्या क्रीडा संमेलनांची कागदपत्रे शिक्षण विभागाकडे नसून धारणी, पांढरकवडा, अहेरी यांसारख्या ठिकाणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांकडे असतात. तिथे कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल हे खेळ पुढे असतात, फुटबॉल मागे, तेही लिहावे.

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे निवड याद्या आणि दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडागुणांची प्रकरणे असतात. तोंडी विनंती मानली गेली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे तो द्यावा आणि तीस दिवस वाट पाहावी. अर्जात खेळाडूंचे पत्ते किंवा जन्मतारखा मागू नयेत, वैयक्तिक माहिती म्हणून तो भाग नाकारला जातो आणि त्याच्यासोबत कामाचा भागही अडकतो. वर्षवार सहभागी शाळांची आणि संघांची संख्या मागावी.

याद्या वाचताना एक सावधगिरी बाळगावी. शालेय फुटबॉलची सर्वांत मानाची सुब्रतो मुखर्जी चषक स्पर्धा १९६० साली सुरू झाली, पण मुलींचा गट तिच्यात आला तो २०१२ साली. त्याआधीच्या सुब्रतो निवड याद्यांत एकही मुलगी सापडली नाही, तर त्यावरून मुली खेळत नव्हत्या असे सिद्ध होत नाही. त्यांना उतरायला गटच नव्हता.

वर्तमानपत्रांच्या बाबतीत, नागपूरचा ‘हितवाद’ १९११पासूनचा आहे आणि ‘लोकमत’ची नागपूर आवृत्ती डिसेंबर १९७१पासूनची. तालुक्याच्या बातम्या आतल्या पानांवर असतात, आणि शालेय स्पर्धा साधारणपणे पावसाळा सरता सरता सुरू होऊन हिवाळ्यापर्यंत चालतात, म्हणून वर्षाचे सगळे अंक चाळण्याऐवजी ऑगस्ट ते डिसेंबर आधी पाहावेत. शीर्षकात ‘फुटबॉल’ शोधू नये, ‘बक्षीस वितरण’ शोधावे. बातमीत उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि आभार मानणारे यांची नावे न चुकता असतात. जिंकलेल्या मुलींची नावे शेवटच्या ओळीतही असतीलच असे नाही. ही चीड येण्यासारखी गोष्ट आहे, पण पुरावा म्हणून ती उपयोगाची आहे: बातमीत कोणाला किती ओळी मिळाल्या, याचा तक्ता करून मुलांच्या आणि मुलींच्या स्पर्धांची तुलना करता येते.

माहेरच्या नावाने हरवलेल्या

या कामातला सर्वांत वेळखाऊ टप्पा खेळाडू शोधण्याचा आहे. पुरुष खेळाडू पन्नास वर्षांनीही त्याच गावात, त्याच आडनावाने भेटतो. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात जाते, आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येते आणि काही घरांत तिचे पाळण्यातले नावही बदलले जाते. प्रमाणपत्रावरची मुलगी आणि मतदारयादीतली बाई या एकच आहेत, हे दाखवणारा कागद बहुधा नसतोच.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही घालावी आणि तिच्यात प्रत्येक खेळाडूसाठी माहेरचे नाव, सासरचे नाव, शाळा, खेळल्याची वर्षे, मैदानावरची जागा आणि ही माहिती कोणी दिली, असे रकाने आखावेत. नावांची लेखनभिन्नता जशीच्या तशी उतरवावी. वार्षिकांकातले छायाचित्र मोबाइलवर घेऊन एका खेळाडूला दाखवले की ती बोट ठेवून इतरांची नावे सांगते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या कुठे दिल्या हे सांगते. “हे पोट्टी तं दारव्ह्याले देली” एवढ्या एका वाक्यावर मी तीन खेळाडूंपर्यंत पोचले आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवे आणि उन्हाळ्यात मुलांच्या सुट्टीत माहेरी आलेल्या लेकी, या दोन संधी वेळापत्रकात आधीच धराव्यात.

कोण सापडते आणि कोण सापडत नाही, याचा हिशेब निबंधात द्यावाच लागतो. शिक्षिका झालेल्या, पोलिसांत गेलेल्या स्त्रिया चटकन भेटतात, कारण त्यांनी प्रमाणपत्रे जपली आणि खेळाचा त्यांना फायदा झाला. रोजमजुरीला जाणाऱ्या, कामासाठी बाहेरगावी स्थलांतर केलेल्या स्त्रिया भेटत नाहीत. केवळ पहिल्या गटाच्या मुलाखतींवर ‘खेळाने मुलींचे आयुष्य बदलले’ असा निष्कर्ष काढणारे प्रबंध मी पाहिले आहेत; तो निष्कर्ष खेळाडू निवडण्याच्या पद्धतीतूनच आलेला असतो. जातीचा आणि वस्तीचा रकानाही वहीत असावा. ज्या वस्तीतल्या मुलींना शाळेच्या मैदानावर येता येत होते आणि ज्यांना नव्हते, हा फरक गावात सर्वांना ठाऊक असतो, पण विचारल्याशिवाय कोणी बोलत नाही.

मुलाखत

सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी चालू असताना मुलाखत मागू नये. बाईला रोज बुडवून बोलायला बसवणे योग्य नाही. संमती तिची घ्यावी, नवऱ्याची किंवा सासऱ्याची नव्हे. तिचे नाव छापायचे की बदलायचे हे तिने ठरवावे, आणि मुलाखतीनंतर मत बदलण्याची मुभा तिला आहे हे स्पष्ट सांगावे. घरी चार माणसे भोवती बसली तर उत्तरे नवराच देतो, हा माझा नेहमीचा अनुभव. शाळेच्या ओट्यावर किंवा अंगणवाडीत बसले तर बोलणे मोकळे होते.

‘तेव्हा तुम्हाला कसे वाटायचे?’ या प्रश्नाला ‘चांगलं वाटे’ याखेरीज उत्तर मिळत नाही. वस्तू विचाराव्यात. बॉल कोणाच्या घरी राहायचा? पायात काय असायचे? हाफपँट होती की सलवार, आणि ते कोणी ठरवले? सामन्याला कोणत्या एस.टी.ने गेलात, परत येताना अंधार पडला का, सोबत कोणी पुरुष होते का? पाळीच्या दिवसांत काय करत होता? शेवटचा सामना कोणता, आणि तो शेवटचा आहे हे तेव्हा माहीत होते का? हा शेवटचा प्रश्न मी मुलाखतीच्या मध्यावर विचारते, शेवटी नाही, कारण त्यानंतर बराच वेळ लागतो.

नागपुरात विजय बारसे यांनी २००१च्या सुमारास झोपडपट्टीतल्या मुलांसाठी उभ्या केलेल्या फुटबॉलच्या कामावर ‘झुंड’ हा चित्रपट २०२२ साली आला, आणि तेव्हापासूनच्या मुलाखतींत त्या चित्रपटातल्या प्रसंगांसारख्या आठवणी मला अधूनमधून ऐकू येतात. हे खोटे बोलणे नव्हे. आठवण अशीच बनते. मुलाखत कोणत्या वर्षी घेतली हे म्हणूनच प्रत्येक टिपेत लिहावे, आणि सांगणारीने तो चित्रपट पाहिला आहे का हेही विचारून ठेवावे.

ध्वनिमुद्रण करताना मोबाइल विमान अवस्थेत ठेवावा आणि त्याच रात्री दोन ठिकाणी प्रत करावी. उतरवताना वऱ्हाडी बोलणे प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नये. ‘खेयलो’ला ‘खेळलो’ केले की बोलणारी बाई निघून जाते आणि अभ्यासकाची भाषा मागे राहते. एका तासाचे बोलणे उतरवायला मला पाच-सहा तास लागतात.

प्रेक्षक, चाहते आणि पाठीराखे

हे तीन शब्द निबंधात अदलाबदलीने वापरू नयेत. प्रेक्षक सामन्यापुरता असतो. चाहता खेळाचा किंवा खेळाडूचा असतो आणि तो मैदानावर येईलच असे नाही. पाठीराखा संघाचा असतो, संघ हरला तरी. १९८६च्या विश्वचषकाचे सामने दूरदर्शनवर रात्री जागून पाहणारी आपल्या खेड्यांतली माणसे चाहती होती. त्यांतले कितीजण दुसऱ्या दिवशी गावच्या मुलींचा सामना पाहायला गेले, हा संशोधनाचा प्रश्न आहे.

गावात पाहण्याची सवय कोणत्या खेळांनी घडवली, तेही तपासावे. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, कुस्तीची दंगल, कबड्डीची रात्रीची स्पर्धा यांत आरोळ्या कशा देतात, पैज कशी लागते, बक्षिसासाठी वर्गणी कोण देतो, याच रीती फुटबॉलच्या स्पर्धेत उतरल्या का, हे जुन्या पावती पुस्तकांवरून आणि हँडबिलांवरून पाहता येते. हँडबिलावरची ‘महिलांसाठी बसण्याची स्वतंत्र व्यवस्था’ ही ओळ सापडली तर जपून ठेवावी. आणि स्त्रिया प्रेक्षक म्हणून कुठे होत्या, हे विचारताना मैदानाच्या कडेपुरतेच पाहू नये. शाळेच्या भिंतीमागच्या घराच्या गच्चीवरून पाहणारी, चहाच्या टपरीमागे उभी राहून पाहणारी बाई ही प्रेक्षकच होय, मात्र तिला कोणी मोजलेले नसते.

मोजण्यावरून आणखी एक. ‘प्रचंड जनसमुदाय’, ‘मैदान तुडुंब’ अशा बातमीतल्या शब्दांचे आकड्यांत रूपांतर करू नये. मैदानाचे माप घ्यावे, तीन बाजूंनी किती ओळी उभ्या राहू शकतात ते पाहावे आणि जास्तीत जास्त शक्यता तेवढी लिहावी.

लिहिताना

निबंधाची सुरुवात एका कागदाने करावी, व्याख्येने नको. ‘खेळ म्हणजे काय’ हे परीक्षकांना ठाऊक असते. साठा नोंदवहीतली ती ओळ त्यांना ठाऊक नसते. दुसऱ्या परिच्छेदात प्रश्न, तिसऱ्यात आजवर इतरांनी काय लिहिले याचा थोडक्यात हिशेब, आणि त्यानंतर पार्श्वभूमी. साधनांची मर्यादा शेवटच्या पानावर ढकलू नये. ती पद्धतीच्या भागातच सांगावी. प्रत्येक दाव्याला दोन स्वतंत्र आधार शोधावेत: एक कागद आणि एक तोंडी आठवण, किंवा एकमेकींना न भेटलेल्या दोघींच्या आठवणी. कागद आणि आठवण यांचा मेळ बसला नाही, तर त्या न बसण्यावरच एक परिच्छेद लिहावा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातला सर्वांत चांगला भाग तोच आहे: क्रीडा कार्यालयाच्या यादीत संघ ‘गैरहजर’ होता, आणि खेळाडू सांगत होत्या की त्या मैदानावर दोन तास उभ्या होत्या, पण पुरुषांचा सामना लांबल्याने त्यांचे नाव पुकारलेच गेले नाही.

‘सक्षमीकरण’, ‘प्रेरणादायी प्रवास’, ‘रूढींच्या बेड्या’ हे शब्द पहिल्या मसुद्यात आले तर येऊ द्यावेत, दुसऱ्यात काढून टाकावेत आणि त्या जागी काय घडले ते लिहावे. कोणी अडवले असेल तर कोणी, कोणत्या वर्षी, कोणत्या शब्दांत. शीर्षकात तालुक्याचे नाव आणि वर्षे असावीत. संपादकाला ते रुक्ष वाटते, पण पुढच्या अभ्यासकाला निबंध त्यावरूनच सापडतो.

मसुदा पाठवण्याआधी ज्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या त्यांना त्यांचा भाग वाचून दाखवावा, नुसता छापून देऊ नये. नावांची, आडनावांची, गोल कोणी केला याची दुरुस्ती त्या वेळी होते, आणि काही जणी एखादे वाक्य काढायला सांगतात, ते काढावे. निबंध छापून आल्यावर एक प्रत तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात द्यावी, दाखल नोंदवहीत तिचा क्रमांक पडेपर्यंत तिथून हलू नये, आणि तो क्रमांक आपल्या वहीत, खेळाडूंच्या दोन्ही नावांच्या यादीशेजारी, लिहून ठेवावा.